नांदती नावं

धाकट्या दिराला घरात सगळे ‘जाहिरात’ म्हणत. तो घरात शिरायच्या आधी त्याचा आवाज शिरायचा. त्या संध्याकाळी तर बूट काढता काढताच त्यानं जाहीर करून टाकलं, “वहिनी, या वेळच्या तुमच्या अहवालात माझं नाव वरच्या रांगेत असणार! पैज लावता?”

वहिनी ताटं मांडत होत्या. “भाऊजी, आधी हात धुवा.”

“म्हणजे असणार!”

“म्हणजे हात धुवा.”

सासूबाई हसायला लागल्या. “अरे, तिच्या पोटातलं काढायचं तर तुला सात जन्म घ्यावे लागतील. सख्ख्या नवऱ्याला सांगत नाही, ती तुला सांगतेय होय!”

नवऱ्यानं मान डोलावली. बोलण्याचा घरचा सगळा कोटा धाकट्यानं उचलल्यामुळे थोरल्याच्या वाट्याला मान डोलावणंच आलं होतं.

वहिनींचं काम इंटरनेटवरच्या नावांचं. वेबसाइटचं जे नाव असतं, ज्याला डोमेन म्हणतात, त्याची देशभरातली नोंद ज्या कार्यालयात होते तिथं त्या अहवाल विभाग सांभाळत. नावं विकायची ती परवाना दिलेल्या विक्रेत्यांनी. नोंद ठेवायची ती कार्यालयानं. आणि दर तिमाहीला नावं किती वाढली, किती गळाली, वारं कुठून कुठं वाहतंय, हे सांगायचं ते वहिनींच्या अहवालानं. दीर असाच एक विक्रेता होता. बाजारामागच्या गल्लीत, कुलपं-किल्ल्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत त्याचा सगळा कारभार चाले.

वहिनी या खात्यात आल्या तेव्हा अहवाल म्हणजे नुसती एक चढती रेघ असायची. विक्रेते पहिलं वर्ष जवळजवळ फुकट देत, लोक हौसेनं नाव घेत, रेघ वर जाई आणि वरिष्ठ एकमेकांची पाठ थोपटत. वर्ष सरून नाव पुढे चालू ठेवायची वेळ आली की त्यातली बरीचशी नावं वाऱ्यावर जात. नव्याचे नऊ दिवस! मग पुन्हा नवी सवलत, पुन्हा नवी नावं, पुन्हा चढती रेघ. ही सूज आहे, बाळसं नव्हे, हे भर बैठकीत पहिल्यांदा म्हणाल्या त्या वहिनी.

नुसतं म्हणून थांबतील तर त्या वहिनी कसल्या. त्यांनी विचारलं, नाव घेतलं ते ठीक, पण त्या नावावर कुणी राहतं का? प्लॉट घेऊन नुसती पाटी ठोकली आणि पुढं गवत माजलं, तर त्याला वस्ती वाढली म्हणायचं का? त्यांनी नावांची दोन भागांत वाटणी केली. पाटीची नावं आणि नांदती नावं. शोधायची रीतही त्यांनीच बसवली. एक यंत्र प्रत्येक नाव उघडून बघे. एकाच विक्रेत्याच्या ढीगभर नावांवर एकाच साच्याचं पान दिसलं, की ती विक्रेत्यानं ठोकलेली पाटी. पान आपल्या आपल्या वळणाचं असलं, की तिथं कुणीतरी नांदतंय. साधा नियम होता, पण त्यानं अहवालाला वजन आणलं. परदेशातली कार्यालयं रीत विचारायला लागली. पुढं परवान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीनं त्याला दातही बसवले. ज्याच्या निम्म्याहून जास्त नावांवर पाट्याच असतील, त्या विक्रेत्याचा परवाना काढून घ्यायचा. मागच्या वर्षी एका विक्रेतीचा परवाना असाच गेला होता.

आणि आता या तिमाहीत यंत्रानं जे विक्रेते लाल रंगात दाखवले, त्यांत सगळ्यात वर दीर होता. सरसकट पाट्या. जवळजवळ एकही नांदतं नाव नाही.

जेवताना तो बोलत होता आणि वहिनी ऐकत होत्या. “एक वर्ष झालं बघा पायाला भिंगरी लावून फिरतोय. नावं नुसती धो धो! आई, तुझ्या मुलानं मोठ्या मोठ्या विक्रेत्यांना घाम फोडलाय.”

“भाजी सांडतोयस,” सासूबाई म्हणाल्या.

वहिनींनी सांडलेली भाजी पुसून घेतली. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं त्या या दिराबद्दल मनात नेहमी म्हणत आल्या होत्या. पण पाणी इतकं उथळ असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. परवाना गेला तर या माणसाला दुसरं काहीही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या थेट संचालकांच्या खोलीत गेल्या. संचालक सावध माणूस. चहासुद्धा फुंकून, मग थांबून, मग पुन्हा फुंकून पीत.

“यादीत पहिला आहे तो माझा सख्खा दीर,” वहिनी म्हणाल्या. “त्याची फाइल माझ्याकडे नको.”

“अरेरे. आपलेच दात, आपलेच ओठ.”

“दात शंकासुराकडे द्या.”

शंकासुर म्हणजे त्यांच्या विभागातला पडताळणीचा माणूस. पाऊस पडतोय असं सांगितलं तर हा खिडकीबाहेर हात काढून बघणार. कार्यालयात एक जुना रिवाज होता. कुणाचाही परवाना काढण्याआधी पडताळणीवाल्यानं एक अख्खी सकाळ बसून त्या विक्रेत्याची नावं स्वतःच्या हातानं उघडून बघायची. यंत्र चुकत नाही असं ठरल्यापासून तो मागं पडला होता. सगळे तो विसरले, एकटा शंकासुर विसरला नव्हता. तो सकाळी खुर्ची ओढून बसला आणि दिराचं एकेक नाव उघडायला लागला.

जेवणाच्या सुट्टीआधी तो वहिनींच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“मॅडम, एक शंका आहे.”

“त्या फाइलबद्दल माझ्याशी बोलू नका म्हणून सांगितलंय ना?”

“दिराबद्दल नाही विचारत, नियमाबद्दल विचारतोय. नियम तुमचा आहे. पाटीच्या नावावर फोन नंबर कुणाचा असतो?”

“विक्रेत्याचा. नाव विकत घ्यायचंय का, संपर्क साधा, वगैरे.”

“इथं जवळजवळ सगळी पानं एका साच्याची आहेत. वर फोटो, खाली नाव, कामाची वेळ, फोन. यंत्राचं बरोबर आहे, साचा एकच. पण मॅडम, थोडी पानं सोडली तर प्रत्येकावर नंबर वेगळा आहे.”

वहिनींनी पेन खाली ठेवलं. मग फोन त्याच्याकडे सरकवला. “लावा.”

त्यानं स्पीकरवर लावला. पलीकडून कर्कश घरघर ऐकू आली, नंतर ती थांबली आणि एक माणूस ओरडला, “बोला! कात्री की सुरी?”

“अं… आम्ही नावनोंदणी कार्यालयातून बोलतोय,” शंकासुर म्हणाला.

“कार्यालयातल्या कात्र्या? आणा की. पण आज नाही, आज मी नदीपलीकडे आहे. बघितलं नाही का पानावर?”

“कुठल्या पानावर?”

“अहो, माझ्या नावाच्या! रोज सकाळी मी तिथं लिहितो ना, आज कुठल्या गल्लीत येणार ते. लोक बघतात आणि सुऱ्या घेऊन दारात उभे राहतात. आधी घसा फोडत हिंडायचो, आता गिऱ्हाईकच वाट बघतं. तुम्ही कुठं राहता?”

वहिनी पुढं वाकल्या. “दादा, हे पान कुणी करून दिलं?”

“एक बडबड्या आहे. नुसतं नाव विकून निघून गेला नाही बरं का, दोन-तीनदा येऊन बसला, शिकवून गेला. फार बोलतो, पण माणूस सोन्यासारखा. बरं, ठेवू का? दगड गार होतोय.”

शंकासुरानं आणखी काही नंबर फिरवले. एक बाई बाहुल्या दुरुस्त करत होती. एकजण लोकांच्या घरी जाऊन पियानो जुळवून देत होता. तो म्हणाला, पुढच्या महिन्यापर्यंत मोकळा वेळ नाही. एका शिंप्यानं तर, नाव कसं वापरता असं विचारल्यावर, “तुम्ही माप द्यायला येणार आहात का? फोनवर कंबर मोजता येत नाही,” असं म्हणून फोनच ठेवून दिला.

वहिनी खुर्चीत मागं रेलल्या. यंत्र साचा बघत होतं, मजकूर बघत नव्हतं. बघू नकोस असं त्यांनीच त्याला शिकवलं होतं, कारण पाटीवाले मजकूर बदलून फसवतील अशी त्यांना भीती होती. साचा एक म्हणजे घर रिकामं. एकाच नकाशाची घरं बांधलेल्या वस्तीत कुणीच राहत नाही असं म्हणण्यातला हा प्रकार होता. आयुष्यभर नावं मोजणाऱ्या माणसांनाच अशी चूक जमते.

“नियम चुकलाय,” त्या म्हणाल्या.

शंकासुर म्हणाला, “समितीपुढं हे तुम्ही बोललात तर म्हणतील, दिरासाठी नियम वाकवला. मी बोललो तर म्हणतील, मॅडमनी बोलायला लावलं.”

“आणि कुणीच बोललं नाही तर?”

“तर परवाना जातो. आणि नियम राहतो.”

वहिनी उठल्या. त्यांच्या विभागाच्या भिंतीवर आजवरचे सगळे अहवाल ओळीनं लावलेले होते. एकही उशिरा आलेला नव्हता, एकाचीही दुरुस्ती छापावी लागली नव्हती. ही गोष्ट त्या कुणाला बोलून दाखवत नसत, पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी त्या भिंतीसमोरून नेत. ती भिंत आता त्यांनी एकदा नीट पाहून घेतली आणि संचालकांकडे गेल्या.

“नवा नियम लावायचा,” त्या म्हणाल्या. “साच्याबरोबर मजकूरही बघायचा. पण एका विक्रेत्याला नाही, देशातल्या झाडून सगळ्या नावांना, आणि मागच्या अहवालांनाही. नियम मी लिहीन, यंत्र शंकासुर चालवेल. निकाल येईपर्यंत मी एकाही विक्रेत्याचा आकडा बघणार नाही.”

संचालकांनी चहा फुंकला. “म्हणजे अहवाल उशिरा.”

“हो.”

“तुमचा अहवाल. उशिरा!” त्यांनी कप खाली ठेवला. “मग प्रकरण गंभीर आहे. करा.”

निकाल समितीच्या बैठकीच्या दिवशी सकाळीच हातात आला. वहिनींनी तो जिन्यात उभ्या उभ्या वाचला, मग पुन्हा वाचला आणि आत गेल्या.

समितीच्या अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. चष्म्यावरून बघायच्या तेव्हा समोरचा माणूस आपोआप सरळ बसे. वहिनींनी सुरुवातच केली ती नात्यापासून. मग नियम कुठं चुकला ते सांगितलं, एकही विशेषण न वापरता. मग निकाल वाचला. त्यांच्या दिराची बहुतेक नावं नांदती होती. पण सगळी नव्हती. हल्ली बुद्धिमान यंत्रांची लाट आहे; त्या लाटेत पुढं कधीतरी चढ्या भावानं खपतील म्हणून त्यानं त्या यंत्रांवरून सुचलेली भलभलती नावं स्वतःच घेऊन ठेवली होती.

“ती नावं म्हणजे शुद्ध पाट्या आहेत,” वहिनी म्हणाल्या. “जुन्या नियमानं पाट्या, नव्या नियमानंही पाट्याच. निम्म्याच्या खूप खाली आहेत म्हणून परवाना राहतो. पण अहवालात त्या पाट्या म्हणूनच छापल्या जातील, विक्रेत्याच्या नावासकट.”

एक सदस्य खाकरले. “बाई, राग मानू नका. पण नियम नेमका तुमच्या घराच्या उंबऱ्याशीच कसा चुकला?”

“तिथं चुकला नाही, तिथं सापडला,” वहिनी म्हणाल्या. “चुकला होता मागच्या वर्षीच. तेव्हा ज्या विक्रेतीचा परवाना आपण काढला, तिचीही नावं नव्या नियमानं तपासली. ती नांदती होती. जवळपास सगळी. अहवालाची घाई होती म्हणून त्या वेळी हातानं उघडून बघायची सकाळ आपण गाळली. गाळायला परवानगी मी दिली होती.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

“हे तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्हाला कळलं असतं का?”

“नाही.”

“आणि मागचे छापलेले अहवाल?”

“चूक होते. दुरुस्तीसह पुन्हा छापायचे. पहिल्या पानावर, मागच्या नाही.”

अध्यक्षबाईंनी शेजारच्या सदस्यांकडे पाहिलं. “लिहून घ्या,” त्या म्हणाल्या. “दिराचा परवाना कायम. त्या विक्रेतीचा परवाना सन्मानानं परत. आणि ती जी काय तुमची सकाळ आहे, ती यापुढं गाळायची नाही.” मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, “मी खूप साक्षी ऐकल्यात. स्वतःच्याच विरुद्ध इतकी सरळ साक्ष क्वचित ऐकली. आता नव्या नियमाची रेघ दाखवा. तुमच्या चुकीमुळे आम्हाला काय काय दिसायचं राहून गेलं ते बघू.”

वहिनींनी पडद्यावर नवी रेघ लावली. मोठ्या कंपन्यांची वाढ जवळजवळ सपाट झाली होती. त्यांना हवी ती नावं त्यांनी केव्हाच घेऊन ठेवली होती. फॅशनच्या नावांची लाट नेहमीसारखी उसळून नेहमीसारखीच ओसरत होती. पण तळाशी, जिथं आजवर अहवालात नुसता पाट्यांचा करडा पट्टा असायचा, तिथून एक तिसरी रेघ निघाली होती. घाई न करता, एकदाही खाली न वाकता ती वर चढत होती. वर्ष सरल्यावरही ही नावं गळत नव्हती. एकेकट्या माणसांची नावं होती ती. धार लावणाऱ्यांची, शिकवणी घेणाऱ्यांची, घड्याळं उघडून बसणाऱ्यांची. सगळ्या देशात हे चाललं होतं आणि देशाची नावं मोजणाऱ्या कार्यालयाला त्याचा पत्ता नव्हता. ज्यांनी हाक मारायलाही कुणी नसताना स्वतःचं नाव मांडून ठेवलं आणि रोज सकाळी ते झाडून-पुसून घेतलं, अशी ही माणसं. वहिनींनी आयुष्यात पुष्कळ रेघा काढल्या होत्या. इतकी देखणी एकही नव्हती.

संध्याकाळी दीर आला तो आवाज न करता. सासूबाईंनी घाबरून विचारलं, “बरं नाही का रे तुला?”

“कार्यालयाचा निरोप आला,” तो वहिनींना म्हणाला. “परवाना जाता जाता राहिला म्हणे. आणि तुम्ही एवढे दिवस मला वाढत होतात, एका शब्दानं बोलला नाहीत!”

“बोलायचं नव्हतं.”

“आणि माझ्या त्या यंत्रांच्या नावांची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत. घरच्या माणसाला जरा तरी—”

“त्या पाट्याच आहेत, भाऊजी.”

“पाट्याच आहेत,” तो म्हणाला, आणि एकदम हसायला लागला. मग वहिनींनी विचारलं, “गल्लीगल्लीत फिरून शिकवत होतात, हे तुम्ही एरवी ढोल बडवून सांगितलं असतंत. का नाही सांगितलं?”

तो पहिल्यांदाच बोलायला अडखळला. “कारण ते माझं नव्हतं. मागच्या वर्षी त्या बाईंचा परवाना गेला ना, तेव्हा त्यांची नावं तुम्ही बाकीच्या विक्रेत्यांत वाटलीत. काही माझ्याकडे आली. मला वाटलं, पाट्या. उघडून बघतो तर प्रत्येक पानावर एकेक माणूस! मी त्यांतल्या एकाकडे गेलो, विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? तो त्या बाईंबद्दल जे सांगायला लागला… मी तो साचा उचलला. रीतही त्यांचीच उचलली. वहिनी, मी नुसता कित्ता गिरवला. मोठ्यानं बोलता येईल असं माझं त्यात होतं काय?”

सासूबाईंनी मुलाचं ताट वाढायला घेतलं. वहिनी मात्र या माणसाकडे बघतच राहिल्या. एवढी वर्षं एका टेबलावर जेवून त्यांनी त्याचाही फक्त साचा पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच त्यांनी त्या विक्रेतीला फोन लावला. शंकासुर समोर बसला होता. त्यांनी आपण कोण ते सांगितलं, चूक काय झाली ते सांगितलं, परवाना परत दिल्याचं सांगितलं आणि माफी मागितली.

“मी आता एका दवाखान्यात नोंदी करते,” पलीकडची बाई म्हणाली. “त्या वर्षी तुमचा तो अहवाल मी किती वेळा वाचला. मला वाटायचं, एवढी हुशार माणसं सांगतायत तर माझंच काहीतरी चुकलं असणार.”

“तुमचं काही चुकलं नव्हतं.”

“हे तुम्ही छापणार?”

“पहिल्या पानावर. आणि ती रीत तुमची, हेही. माझा दीरच सांगतो, कित्ता तुमचा आहे. तुमची जी नावं त्याच्याकडे आली, ती तो परत द्यायला तयार आहे.”

“तो बडबड्या तुमचा दीर?” बाईच्या आवाजात पहिल्यांदा हसू आलं. “माझी जुनी माणसं सांगतात त्याच्याबद्दल. चांगला सांभाळतो म्हणतात. परवाना मी घेईन. दवाखाना लगेच सुटायचा नाही, पण घेईन. त्याला म्हणावं, ज्यांना त्याच्याकडे राहायचंय ते राहू देत. फक्त एक सांगा त्याला.”

“काय सांगू?”

“फोटो काढताना माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं. त्याच्या सगळ्या पानांवर लोकांचे चेहरे काळे येतात हो!”